परतीचा आहेर आणि परभारे दान

लग्नपत्रिकेच्या तळाशी, निमंत्रकांची नावे आणि कार्यालयाचा पत्ता यांच्या मध्ये, जी एक बारीक ओळ पूर्वी 'कृपया आहेर आणू नये' एवढ्यावर थांबत असे, ती अलीकडे हळूहळू लांबत चालली आहे. प्रथम तिच्यात 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' हे सौजन्य आले. मग 'आहेर द्यावयाचाच असल्यास तो अमुक संस्थेस द्यावा' ही विनंती आली. आणि आता 'परतीच्या आहेराची रक्कम आम्ही तमुक संस्थेस अर्पण केली आहे, याची नोंद घ्यावी' असा तिसरा मजकूर दिसू लागला आहे. पहिल्या दोन ओळींत यजमान स्वतःच्या पदरात पडणारे काही सोडून देतो. तिसरीत तो पाहुण्याच्या पदरात पडणारे काही परभारे दुसरीकडे वळवतो. हा फरक दिसण्यात लहान असला तरी सबंध प्रश्नाची नाडी त्यातच सापडते, असे मला वाटते. आणि या नव्या रिवाजाचे जे सरसकट कौतुक किंवा जी सरसकट टवाळी चालते तिच्यात नेमका हाच फरक नजरेआड होतो.

'परतीचा आहेर' याला शहरातील तरुण मंडळी 'रिटर्न गिफ्ट' म्हणतात आणि वाढदिवसाच्या खोडरबरापासून लग्नातल्या चांदीच्या नाण्यापर्यंत सारे काही त्या एका नावात कोंबतात. जुन्या वहिवाटीत मात्र यजमानाच्या घरून बाहेर पडणाऱ्या वस्तूंचे निदान तीन निरनिराळे प्रकार होते, आणि ते एकमेकांत मिसळत नसत. पहिला प्रकार मानपानाचा: विहिणीचे लुगडे, मामाची धोतरजोडी, करवलीचा खण, ज्याच्या त्याच्या नात्याच्या जवळिकीप्रमाणे ठरलेला आणि चुकल्यास रुसव्याफुगव्यांना आमंत्रण देणारा. दुसरा प्रकार मंगलाचा: सवाष्णीची ओटी, हळदकुंकू, निघताना लेकुरवाळीच्या पिशवीत घातलेला लाडूचिवडा. तिसरा प्रकार हक्काचा, आणि आज तो जवळजवळ विसरला गेला आहे. बोहल्याभोवतीच्या उतरंडीची मडकी आणणारा कुंभार, पायघड्या अंथरणारा परीट, पाट करून देणारा सुतार, नवऱ्या मुलाची हजामत करणारा न्हावी, यांना लग्नात जे धान्य, नारळ, पागोटे किंवा शेला मिळे त्याला कोणी भेट म्हणत नसे. ते त्यांचे येणे होते, आणि ते चुकवणाऱ्या यजमानाची गावात नालस्ती होई. या तिन्हींच्या जोडीला मंगल कार्यालयांच्या जमान्यात चौथा प्रकार उपजला: दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, मग तो मामा असो की मामाच्या कचेरीतला शिपाई, ठेवायची एकसारखी वस्तू. स्टीलची वाटी, प्लॅस्टिकची डबी, वधूवरांची नावे कोरलेला पेला, कुंकवाचा करंडा. ही वस्तू ना मानाची, ना मंगलाची, ना हक्काची. तिच्यावरच्या नावांची जोडी ज्यांना ओळखता येत नाही अशा किती वाट्या आपल्या स्वयंपाकघरात आहेत, हे वाचकांनी एकवार मांडणीवर नजर टाकून पाहावे.

आमच्या घरी तांबड्या कापडी बांधणीची एक आहेराची वही आहे. 1956 साली माझ्या थोरल्या आत्याच्या लग्नात ती घातली गेली. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर परत दिलेले, अशी तिची रचना. डावीकडे 'वाडीचे मामा — पातळ 1, खण 1, रोख रुपये 5', तर त्याच ओळीत उजवीकडे 'धोतरजोडी'. डावीकडे 'हेडमास्तर — रुपया 1, नारळ', उजवीकडे 'उपरणे'. एका ओळीत डावीकडे काहीच नाही, आणि उजवीकडे 'सुतार — शेला, शिधा पाच शेर' अशी नोंद आहे. म्हणजे देणे हे येण्यावर अवलंबून नव्हते, निदान त्या एका ओळीत तरी. पुढे वीस-पंचवीस वर्षे या वहीला आमच्या घरी दस्तऐवजाचा मान होता. कोणाकडे लग्नाला निघायचे म्हटले की आजोबा चष्मा लावून ती काढायला सांगत आणि 'त्यांनी आपल्याला काय घातले होते ते पाहा' म्हणत. आणि मग पाच रुपयांच्या जागी सात की अकरा यावर आजीशी त्यांचा खल चाले. फिरत्या पातळांची तर वेगळीच कथा. एकच गुलबक्षी पातळ तीन लग्नांतून फिरून, घडीही न मोडता, चौथ्या वर्षी आमच्याच घरी परत आल्याची नोंद त्या वहीत नाही, पण आजीच्या आठवणीत होती.

या वहीतला व्यवहार दान नव्हे, हे सांगायला फार मोठे शास्त्र लागत नाही. तरीही शास्त्राने ते सांगितले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार केले आहेत, त्यांत परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले ते राजस ठरवले आहे. सात्त्विक ते, जे परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी दिले जाते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात देणे, घेणे आणि परत देणे अशी तीन बंधने त्याने दाखवली, आणि दाखल्यांसाठी तो महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंत गेला. त्याच्या मते परतफेडीचे बंधन हेच समाजाला बांधून ठेवणारे सूत्र होते. म्हणजे गीतेने ज्याला दुय्यम ठरवले, त्यालाच मॉस समाजाचा कणा म्हणतो. आणि आमची तांबडी वही दोघांनाही साक्ष देते. गमतीची गोष्ट अशी की, 1961 च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली 1985 मध्ये जे नियम झाले, त्यांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करणे, तिच्यात वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहिणे व तिच्यावर सह्या करणे आवश्यक ठरवले. आजोबांच्या वहीचे डावे पान अशा रीतीने सरकारी झाले. उजव्या पानाविषयी कायदा अर्थातच मुका आहे.

आता वळूया ते देण्याचा ओघ वळवण्याच्या इतिहासाकडे, कारण ही कल्पना कोणा नवशिक्षिताच्या डोक्यातून काल निघालेली नाही. मराठेशाहीच्या जमाबंदीत लग्नावर 'लग्नटका' आणि पाटावर, म्हणजे पुनर्विवाहावर, 'पाटदाम' अशा पट्ट्या होत्या. म्हणजे लग्न ही गोष्ट सरकारच्या लेखी उत्पन्नाची बाब होती. उलट 1783 च्या फेब्रुवारीत सवाई माधवरावांचे लग्न झाले तेव्हा नाना फडणविसांनी पाहुण्यांची सरबराई आणि पंगतींचा बंदोबस्त यांची जी तपशीलवार तजवीज लावली, ती वाचताना सरकारचे दप्तर लग्नाच्या मांडवात येऊन बसल्याचा भास होतो. त्याच पेशवाईत दर श्रावणात दक्षिणेचा मोठा सोहळा होई. 1818 नंतर इंग्रजांनी तो एकदम मोडला नाही. त्यांनी त्या रकमेचा ओघ हळूहळू वळवला. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती त्याच पैशांवर. परंतु खरा खटका उडाला तो 1849 मध्ये, जेव्हा लोकहितवादी आणि त्यांच्या विचारांच्या मंडळींनी, दक्षिणेच्या रकमेचा काही हिस्सा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस देण्याकडे लावावा, असा अर्ज सरकारकडे करण्याचे ठरवले. सनातन्यांनी केवढा गहजब केला, आणि अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन कसे उभे राहिले, हे चरित्रकारांनी सांगितले आहे. 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली.

मला हा प्रसंग आजच्या पत्रिकेतील तिसऱ्या ओळीचा पूर्वज वाटतो. त्या वेळचा वाद दक्षिणा द्यावी की न द्यावी हा नव्हता. रूढीने एकाकडे जाणारा पैसा लोकहितासाठी दुसरीकडे वळवावा की नाही, हा होता. आणि ज्यांच्याकडे तो जात होता त्यांनी, आमचा हक्क दुसऱ्याला वाटण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे विचारले, तेव्हा त्यांच्या प्रश्नात अप्पलपोटेपणा होता हे खरे, पण प्रश्न अगदीच वावगा नव्हता. तो प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे, वेगळ्या तोंडून.

सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 ला झाली आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह, भटजीवाचून आणि अल्प खर्चात, लागला. मानपानाचा डोलारा कुणबी-माळ्यांना सावकाराच्या दारात नेऊन उभा करतो, हे जोतीरावांना दिसत होते. पुढे गाडगेबाबांनी कर्ज काढून लग्न करू नका हे खेडोपाडी कीर्तनांतून बजावले, आणि तुकडोजी महाराजांनीही 'ग्रामगीते'त लग्नातल्या उधळपट्टीची चांगलीच हजेरी घेतली. परंतु खर्च टाळणे ही एक गोष्ट आणि टाळलेला खर्च कोठे तरी लावणे ही दुसरी; आणि या दुसऱ्या गोष्टीची महाराष्ट्रातील शाळा लग्नमांडवात भरली नाही, ती विद्यार्थ्यांच्या पानावर भरली. पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत. 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले ते याच जमिनीत, आणि 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तेव्हाही खेड्यातून आलेल्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न हाच मुख्य होता. अशाच लहान देण्यांचा दुसरा दाखला पैसाफंडाचा: अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशांतून 1908 मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पैसाफंडाची थोरवी रकमेत नव्हती. देणाऱ्याला आपले नाव कोठे लागणार नाही हे आधीच ठाऊक असे, यात ती होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 1920 चे उदाहरण आहे: सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव लागले. मातेच्या नावाने दिलेल्या त्या दानाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. किती मुली त्यातून शिकल्या याला गणती नाही. तथापि या दोन टोकांच्या मध्ये मला नेहमी आठवतात त्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ज्यांनी वसतिगृहातील मुलांच्या धान्यासाठी आपले दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले. लग्नात मिळालेल्या वस्तूचे दान म्हणजे काय, याचा याहून कठोर दाखला मला ठाऊक नाही. त्यांनी दिले ते स्वतःच्या गळ्यातले होते. विनोबांनी भूदानापाठोपाठ संपत्तिदान मागितले तेव्हा त्यांचीही मागणी मिळकतीच्या षष्ठांशाची, म्हणजे देणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्यातली होती. शेजाऱ्याच्या वाट्यातला षष्ठांश त्यांनी कोणाकडे मागितला नाही.

लग्न आणि दान यांची गाठ घरच्या रिवाजातच बांधलेली असावी, याचे सुंदर उदाहरण गोव्याच्या ख्रिस्ती समाजात आहे. तेथे लग्नाआधी 'भिकाऱ्यांचे जेवण' घालण्याची चाल आहे: घरातील दिवंगतांचे स्मरण करून गरिबांना बोलावायचे आणि त्यांना पानावर बसवून जेवू घालायचे. कोणाचा मान कापून ते घातले जात नाही, आणि त्याची ओळ पत्रिकेत छापली जात नाही. पितरांच्या ऋणाचा तो भाग आहे आणि पाहुण्यांच्या जेवणाच्या आधी येतो. आपल्याकडील बौद्ध विवाहांतही अनेक ठिकाणी विहाराला किंवा वाचनालयाला दान जाहीर करण्याची पद्धत आहे. ते दान ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते हे खरे, पण ते देणारा आपल्या खिशातून देतो आणि ऐकणाऱ्यांतला दुसरा एखादा त्यावर आपली भर घालतो, म्हणून त्या जाहीरपणाला मी दोष देणार नाही.

आता आजच्या काळाकडे. 2015 मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' सुरू केले, आणि दुष्काळात होरपळलेल्या मराठवाडा-विदर्भातील शेतकरी कुटुंबांच्या निमित्ताने लग्नाचा खर्च आणि दान यांची सांगड घालण्याची भाषा घराघरांत पोहोचली. 2016 मध्ये अमरावतीस एका तरुण जोडप्याने साधेपणाने लग्न करून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या दहा कुटुंबांना प्रत्येकी 20,000 रुपये दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील लासूर येथील एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नाचा थाट आवरून बेघरांसाठी 90 घरे बांधून दिली. या दोन्ही उदाहरणांत रकमांचे आकडे वेगळे असले तरी कात्री कोठे लागली ते पाहण्यासारखे आहे: ती यजमानाच्या थाटाला लागली, पाहुण्याच्या नारळाला लागली नाही. परदेशातील मराठी मंडळींत चित्र थोडे निराळे आहे. तिकडे मेजवानीच्या टेबलावर प्रत्येक पाहुण्यापुढे बदामाच्या गोळ्यांची पुडी किंवा तत्सम लहान वस्तू ठेवण्याची पाश्चात्त्य चाल आहे, आणि तिच्या जागी देणगीचे चिटोरे ठेवण्याचा प्रघातही तिकडचाच. 1978 पासून अमेरिकेत काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था असल्यामुळे तेथील मराठी माणसाला ती देणगी मायदेशी पोहोचवण्याची सोय आहे. तिकडे ही चाल निर्वेध चालते, कारण बदामाच्या पुडीवर कोणाचा हक्क नाही आणि तिच्यासाठी कोणी रुसत नाही. घोटाळा होतो तो तीच चाल आपल्या मांडवात, ओटी आणि मान यांच्या जागेवर आणून बसवली म्हणजे.

तो घोटाळा मी गेल्या मार्गशीर्षात जवळून पाहिला. चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते, कार्यालय गावाबाहेरचे, फुलांची सजावट मुंबईहून आलेली. जेवण आटोपून निघताना दाराशी उभ्या असलेल्या मुली प्रत्येकाच्या हाती एक जाड, चकचकीत, रेशमी फितीने बांधलेले कार्ड देत होत्या. त्यावर लिहिले होते की, आपल्या नावे एका मुलीच्या शिक्षणास साहाय्य करण्यात आले आहे. ज्यांच्या लग्नातली तांबडी वही वर सांगितली त्या आत्या, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, काठी सावरीत दाराशी आल्या. कार्ड त्यांनी उलटेसुलटे केले आणि भावाला विचारले, "हे काय रे, औषधाची चिठ्ठी?" भाऊ वाकून म्हणाला, "आत्या, तुझ्या नावानं दान केलंय." त्यावर आत्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नावानं? मग मला विचारायचं होतंस. माझं दान मी माझ्या हातानं करते. माझी ओटी कुठाय?" ओटी नव्हती. कार्यालयाच्या कोठीघरात नारळ होते, ते आचाऱ्याने खोवून टाकलेले.

मागाहून भावाने मला जमाखर्च सांगितला, लपवालपवी न करता. सातशे पाहुणे, स्टीलची वाटी पंचाहत्तर रुपयांची धरून साडेबावन्न हजार होत होते, म्हणून एक्कावन्न हजारांचा धनादेश संस्थेला दिला. कार्डाची छपाई नगास पंधरा रुपये, म्हणजे साडेदहा हजार. देणगीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. फुलांच्या सजावटीचा आकडा मी विचारला नाही. एक्कावन्न हजारांत एका मुलीच्या वर्षभराच्या खानावळीची सोय होते, आणि ती झाली, ही गोष्ट चांगलीच झाली. घरच्या माणसाने घरचा आहेर द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. परंतु भावाने वाटी वाचवली ती योग्य, आणि ओटी वाचवली ती चूक, हे त्या दिवशी आत्याच्या एका प्रश्नाने मला जितके समजले तितके पुष्कळ लेख वाचूनही समजले नव्हते.

पावतीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. प्राप्तिकराच्या 1961 च्या कायद्यातील 80-जी कलमाने मान्य संस्थांना दिलेल्या देणगीवर वजावट मिळण्याची सोय केली. त्यातही 2,000 रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास ती मिळत नाही, आणि नव्या कररचनेत ही वजावट घेता येत नाही. लग्नाच्या निमित्ताने वधूवरांना मिळालेल्या भेटींवर त्यांना कर नाही. आता समजा यजमान जुन्याच कररचनेत आहे. त्याने कार्डावर 'आपल्या नावे' असे छापले, धनादेश स्वतःच्या खात्यातून दिला, पावती स्वतःच्या नावे घेतली आणि वजावटही स्वतःच घेतली. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण पुण्य पाहुण्याचे आणि पावती यजमानाची, ही वाटणी ज्या शब्दांत छापली जाते ते शब्द खरे नाहीत. 'आम्ही दिले' एवढे लिहावे. सातशे माणसांची नावे त्यात ओढू नयेत. उलट कोणाला स्वतः द्यायचे असेल त्याच्यासाठी दाराशी संस्थेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन बसवावा. पेटी ठेवू नये. पेटीत पडलेल्या रकमेची मोजणी लग्नाच्या रात्री कोण करणार, आणि तिचा हिशेब कोणाला देणार? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे की नाही, याची खातरजमाही पत्रिका छापण्यापूर्वी करावी. 1950 च्या कायद्याखालची ही नोंदणी पाहणे अवघड नाही, आणि लग्नघरात केटररची चौकशी दहा ठिकाणी करणारे लोक संस्थेची चौकशी एका ठिकाणीही करत नाहीत.

बाकीच्या युक्त्यांविषयी थोडक्यात. रोपे वाटण्याची टूम सद्भावनेची असली तरी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पाहुण्याच्या हाती वडाचे रोप देण्यात रोपाचे अकल्याण आहे. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकून तांदूळ आश्रमास देण्याची चाल मात्र मला फार आवडते. माणशी वीस ग्रॅम धरले तरी हजार माणसांचे वीस किलो होतात, आणि ते पायदळी जाण्याऐवजी पातेल्यात जातात. वस्तू द्यायचीच असेल तर आनंदवनासारख्या ठिकाणी कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांच्या हातांनी बनलेली, किंवा गावच्या बचतगटाने केलेली द्यावी. अशा खरेदीत देणाऱ्याच्या अंगी दात्याचा ताठा येत नाही आणि घेणाऱ्याला याचक व्हावे लागत नाही. ही वाट मी देणगीच्या कार्डापेक्षा वरची मानतो. आणि उतरंडीच्या कुंभाराची जागा आज ज्यांनी घेतली आहे, ते वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, मध्यरात्री मांडव सोडणारी पोरे, यांच्या हातावर त्या दिवशी ठरल्याहून अधिक काही पडते का, हे पाहिल्याशिवाय दूरच्या संस्थेस धनादेश पाठवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. 'सुतार — शेला, शिधा पाच शेर' ही ओळ आपल्या वहीतून कधी गळाली ते आपल्याला कळलेसुद्धा नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत कार्य आहे त्यांना माझे सांगणे इतकेच: गर्दीला वाटायच्या वाट्या आणि डब्या बिनदिक्कत बंद कराव्यात, देणगीची रक्कम मात्र त्या वाट्यांच्या किमतीवरून ठरवू नये, सजावटीच्या अंदाजपत्रकावरून ठरवावी, धनादेश हळदीच्या आधी संस्थेकडे पोहोचवावा, कारण लग्नानंतर उरलेल्यातून द्यायचे म्हटले की उरत काही नाही, कार्डे छापू नयेत. आणि ओटीचे खण व नारळ घरच्या बायांची गणती करून आदल्या दिवशीच आणून वेगळे बांधून ठेवावेत, आचाऱ्याच्या कोठीत ठेवू नयेत.